घरच्या शोकेसमध्ये टेक्टाइट आणि अशनी: एक फुटू नये, दुसरी गंजू नये म्हणून

श्रावणात एकदा दागिन्यांची मखमली डबी उघडली, तर आतल्या लोखंडी अशनीच्या चकतीला घाम फुटलेला. खरोखरचा घाम. कडेकडेने मोहरीएवढे तपकिरी थेंब. बोटाने पुसले तर बोट तांबडं झालं, आणि दोन दिवसांनी थेंब पुन्हा तिथेच. चकती अर्जेंटिनातल्या काम्पो देल सिएलोची होती. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आकाशातून पडलेला, तेव्हापासून मातीत दबून टिकलेला धातू ठाण्याच्या खाडीकाठी एका पावसाळ्यात हरला.

त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माझं व्हिएतनामी टेक्टाइट हातातून निसटलं. डमरूच्या आकाराचं, काळंभोर, जेमतेम बोटाएवढं. पडलं कुठे, तर स्वयंपाकाच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, आणि तेही वीतभर उंचीवरून. टक् असा आवाज आला आणि डमरूचे दोन थेंब झाले.

या दोन नुकसानांतून मला जे कळलं, त्यावरच हा सगळा लेख उभा आहे. आकाशाशी नातं सांगणारे हे दोन प्रकार आपण एकाच कप्प्यात शेजारी मांडतो, पण त्यांचे शत्रू वेगळे आहेत. टेक्टाइट ही काच आहे. तिला दमट हवेचं काही वाटत नाही, ती धक्क्याने जाते. लोखंडी अशनी तुम्ही दहादा पाडलीत तर फरशीचा टवका उडेल, तिचं काही बिघडणार नाही. ती हवेने जाते. म्हणून शोकेस आणायच्या आधी आपल्याकडे नक्की काय आहे ते बघायचं.

आधी ढीग वेगळे करा

टेक्टाइट म्हणजे मोठ्या आघातात पृथ्वीचीच माती-खडक वितळून, उंच उडून, हवेतच गोठलेली काच. जर्मनीतलं रीस विवर सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी झालं. त्याच आघाताची हिरवी काच आज चेक प्रजासत्ताकात मोल्डावाइट म्हणून सापडते. थायलंड, व्हिएतनाम, फिलिपिन्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंत विखुरलेली काळी टेक्टाइट सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वीची. घानातल्या बोसुम्त्वी विवराची आयव्हरी कोस्टमध्ये सापडतात. इजिप्त-लिबिया सीमेवरच्या लिबियन वाळवंटातली पिवळी काच काटेकोर अर्थाने टेक्टाइट नाही, पण मांडणीपुरती तिला याच ढिगात ठेवा. या ढिगाची काळजी एकच: फुटणं, टवका उडणं, ओरखडा.

दुसरा ढीग लोखंडी अशनींचा, आणि त्याचे मनातल्या मनात दोन भाग करा. नामिबियाची गिबिऑन किंवा रशियात १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पडलेली सिखोटे-अलिन बऱ्यापैकी शहाण्या. चीनची नान्तान, स्वीडनची मुओनिओनालुस्ता आणि काम्पोचे बरेच तुकडे मात्र गंजण्यासाठी संग्राहकांत बदनाम आहेत. फरक पडतो तो मातीतल्या क्लोराइडमुळे. ते धातूच्या फटींत शिरून बसतं. ओलावा मिळाला की लोखंडाशी त्याचं क्षार होतं, ते क्षार हवेतलं पाणी ओढतं, गंज तयार होतो आणि आम्ल सुटून पुन्हा ताज्या लोखंडाला भिडतं. म्हणजे क्लोराइड खर्च होतच नाही, फिरत राहतं. वरून पुसून हा रोग जात नाही तो यामुळेच.

तिसरा ढीग दगडी अशनींचा. यातल्या साध्या कॉन्ड्राइटमध्येही, म्हणजे बारीक गोलसर कणांच्या दगडातही, लोखंड-निकेलचे कण असतात. आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ रोजी पडलेली अशनी याच जातीची. कापलेल्या बाजूवर हे कण चांदीच्या टिकल्यांसारखे चमकतात आणि दमट हवेत त्यांच्याभोवती तांबूस वर्तुळ धरतं. पॅलसाइट, म्हणजे धातूच्या जाळीत बसवल्यासारखे मधाळ ऑलिव्हिनचे खडे, ही सगळ्यांत नाजूक जात. ती गंजते, आणि तिचे खडेही निखळतात.

प्रत्येक नमुन्याचं वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत करा आणि एकाच कोनातून, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. वर्षभराने गंज वाढला की नाही यावर घरात होणारे वाद हा फोटोच मिटवतो.

ओळख पटवायला चुंबक लावण्याची सवय मात्र सोडा. आजकालच्या बारीक निओडिमियम चुंबकाने अशनीच्या आतली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. मंगळावरून आलेल्या एनडब्ल्यूए ७०३४ या प्रसिद्ध अशनीच्या तुकड्यांचं हेच झालं: विकणाऱ्या-घेणाऱ्यांनी चुंबक लावून लावून संशोधकांना हवी असलेली नोंद घालवली.

हातात घेण्याआधी गोधडी अंथरा

माझी पहिली चूक ओट्याची होती. आता मी जमिनीवर चारपदरी गोधडी घालते आणि तिच्यावर मांडी घालून बसूनच डबे उघडते. टेबलावर काम करायचं असेल तर टेबलभर गोधडी, आणि नमुना वीतभरापेक्षा वर उचलायचा नाही. एका वेळी एकच नमुना बाहेर. दोन टेक्टाइट एका मुठीत घेतली तर एकमेकांवर घासून दोघांच्याही कडांचे टवके उडतात.

टेक्टाइटसाठी हातमोजे नकोत. सुती मोज्यात काच सरकते आणि मोज्याचे धागे खाचांत अडकतात. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, अंगठी-बांगड्या काढून घ्या. चेक प्रजासत्ताकातल्या बेसेडनिसे गावच्या मोल्डावाइटला साळिंदरासारखे काटे असतात, ऑस्ट्रेलियातल्या बटणाच्या आकाराच्या टेक्टाइटला भोवती पातळ झालर असते. असले नमुने चिमटीत धरायचे नाहीत. तळहात खाली लावून, दुसऱ्या हाताची वाटी करून घ्यायचे.

अशनीला याच्या उलट. घामात मीठ असतं, म्हणजे क्लोराइड. उघड्या बोटांनी धरलेल्या चकचकीत चकतीवर काही आठवड्यांनी बोटाचा ठसा गंजाच्या रंगात उमटतो. नायट्राइलचे निळे मोजे घाला. पाहुण्यांना हात लावायचाच असेल तर त्यासाठी एखादा स्वस्त, ठणठणीत तुकडा वेगळा ठेवा. माझ्याकडे सिखोटे-अलिनचा अक्रोडाएवढा तुकडा आहे. तो गेली काही वर्षं सगळ्या लहान मुलांच्या हातून फिरतोय आणि त्याला काहीही झालेलं नाही.

धुणं-पुसणं

टेक्टाइट साध्या पाण्यात, मऊ दातघासणीने धुवायला हरकत नाही. पाणी आणि नमुना दोन्ही खोलीच्या तापमानाला असावेत. थंडगार काचेवर गरम पाणी ओतलं की काय होतं हे चहाचा ग्लास तडकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि टेक्टाइटच्या पोटात गोठतानाचे ताण अजून असतात. त्याच कारणाने चष्म्याच्या दुकानातलं अल्ट्रासोनिक यंत्र वर्ज्य. खाचांत बसलेली तांबडी माती टोकरून काढू नका. आग्नेय आशियातल्या टेक्टाइटमधली ती जांभ्याची माती हा नमुना खरोखर जमिनीतून आल्याचा पुरावाच आहे.

अशनीला पाणी लावायचं नाही. धूळ मऊ ब्रशने झाडा. कार्बनी कॉन्ड्राइटला तर कुठलंच द्रव लावू नका, ब्रशसुद्धा हलकाच. आणि दगडी अशनीवरचं काळं जळकं कवच चमकावं म्हणून तेल चोळणाऱ्यांचं मी काय बोलू! ते कवच सच्छिद्र असतं. तेल आत मुरतं आणि परत निघत नाही.

टेक्टाइटची बैठक

काचेला तीन ठिकाणी आधार पुरतो, पण ते तिन्ही टेकू मऊ हवेत. पितळी तारेचा तिकाटणा स्टँड छान दिसतो, मात्र तारेची टोकं उघडी ठेवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी हीट-श्रिंक नळी तारेवर चढवा आणि केस वाळवायच्या यंत्राने आवळून घ्या. हे काम नमुना लांब ठेवून करायचं.

स्टँड नको असेल तर फोममध्ये खळगा. पॅकिंगमध्ये येणारा पांढरा किंवा काळा पॉलिएथिलीन फोम घ्या, २५ मिमी जाडीचा. त्यावर नमुना ठेवून पेन्सिलीने बाहेरून रेघ मारा आणि कटर रेघेच्या २ मिमी आतून चालवा. फोम नमुन्याला हलकेच कवेत घेतो तो त्या २ मिलिमीटरमुळे. खोली नमुन्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. त्याहून खोल गेलात तर बाहेर काढताना नख घालून उचकटावं लागतं, आणि नेमका तेव्हाच टवका उडतो. एका बाजूला बोट शिरेल एवढी अर्धगोल खाच ठेवा. काट्यांच्या मोल्डावाइटला मात्र फोममध्ये दाबायचं नाही. त्याच्यासाठी खळगा ऐसपैस कापा आणि तळाला कापसासारखा पॉलिएस्टरचा पुंजका घाला.

भिंतीवर पोस्टर चिकटवायची निळी चिक्कण पुट्टी वापरू नका, ती तेलकट डाग सोडते आणि मोल्डावाइटच्या खाचांतून कधीच पूर्ण निघत नाही. पारदर्शक म्युझियम वॅक्स मिळालं तर तांदळाच्या दाण्याएवढं, गुळगुळीत बाजूला लावा. फेविक्विक लावण्याचा विचारही करू नका.

लोखंडी अशनीसाठी उलटा डबा

आता खरं काम. तुमच्या खोलीची हवा तुम्ही बदलू शकत नाही. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर दिवसचे दिवस राहते. तेव्हा अशनीपुरती वेगळी हवा तयार करायची. क्लोराइड बसलेल्या लोखंडाला ३५ टक्क्यांच्या खाली ठेवलं तर गंज खूपच मंदावतो, २०च्या खाली नेलं तर आणखी चांगलं. पेट्या-काचा सगळं आजमावून मी ज्या युक्तीवर थांबले ती स्वयंपाकघरातलीच आहे.

बोरोसिलिकेट काचेचे चार कड्यांचे लॉकवाले डबे मिळतात ना, ते घ्या. चौकोनी, एक-दीड लिटरचा. झाकणाला सिलिकॉनची गोल पट्टी असते, ती नीट बसलेली हवी. हा डबा उलटा वापरायचा. झाकण शेल्फवर सपाट ठेवा, ते झालं जमीन. काचेचं भांडं त्यावर पालथं घालून चारही कड्या वर ओढून लावा, ते झालं घुमट. समोरून, बाजूने, वरून सगळीकडून स्वच्छ काच, आणि हवा आत-बाहेर जवळजवळ होत नाही.

झाकणाच्या खळग्यात सिलिका जेल पसरा. एका लिटरला ३० ग्रॅमच्या हिशेबाने मी घालते. त्याच्यावर ३ मिमी जाडीची ॲक्रिलिकची पट्टी, झाकणापेक्षा थोडी लहान कापून, चार कोपऱ्यांना ॲक्रिलिकचेच तुकडे पाय म्हणून लावून. पट्टीला गरम सुईने दहा-बारा भोकं पाडली की खालची कोरडी हवा वर येते. पट्टीवर पॉलिएथिलीन फोमचा पातळ तुकडा आणि त्यावर अशनी. कोपऱ्यात नाण्याएवढा डिजिटल हायग्रोमीटर, आकडा समोर.

सिलिका जेल नारिंगी घ्या, जे ओलं झाल्यावर गडद हिरवं होतं. निळं ते गुलाबी होणारं घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. हिरवं झालेलं जेल वेगळ्या ट्रेमध्ये बोटाच्या पेरापेक्षा पातळ पसरून ओटीजीमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा नारिंगी होतं. त्याहून तापवलं तर रंग कायमचा मरतो. पांढरं बिनरंगाचं जेल स्वस्त पडतं. ते कोरडं असताना पुरचुंडीसकट वजन करून पुरचुंडीवरच लिहून ठेवा, वजन वाढलं की भाजायची वेळ झाली.

स्वस्त हायग्रोमीटर खोटं बोलतात, म्हणून आधी परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी टाकून ओलसर करा, विरघळवू नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा. संपृक्त मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी आकडा ७९ दिसला तर तुमचं यंत्र ४ जास्त दाखवतं. तसं स्केचपेनने त्याच्या पाठीवर लिहा.

मोल्डावाइट या कोरड्या डब्यात ठेवायची गरज नाही. जागाही वाया आणि जेलही.

कपाट कशाचं, आणि कपाटात काय नको

नवीन प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची आणि फॉर्माल्डिहाइडची वाफ महिनोन् महिने येत राहते. शोकेस नवी केलीत तर दारं उघडी ठेवून ती दोन-तीन महिने तशीच राहू द्या, आणि आत ॲक्रिलिकचा तक्ता घाला. पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट आणि काचेचे शेल्फ हे माझ्या मते सगळ्यांत निर्धोक. रंगीत मखमल दिसते राजेशाही, पण ती ओलावा धरते. माझ्या चकतीचा घात तिनेच केला.

सासूबाईंनी प्रेमाने शोकेसमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, झुरळं येऊ नयेत म्हणून. त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक होऊन बसते, आणि स्वस्त पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डब्या तिने चिकट होतात. कापराचंही तसंच. देव्हारा आणि शोकेस एका भिंतीला असतील तर उदबत्तीच्या धुराचा तेलकट थर काचेवर येतो. तो पुसता येतो, पण डबा बंद ठेवा.

यापेक्षा वाईट गोष्ट बाथरूममध्ये आहे. फरशा घासायला जे ॲसिड आणतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याची बाटली बंद असली तरी बूच कधी घट्ट बसत नाही, आणि त्या वाफेत क्लोराइडच असतं. शोकेस बाथरूमच्या दाराजवळ नको, आणि ॲसिडने साफसफाई चालली असताना अशनीचे डबे उघडू नका.

उजेड

मोल्डावाइटचं सौंदर्य मागून येणाऱ्या उजेडात आहे. समोरून ते काळपट-हिरवं शेवाळ दिसतं. मागे दुधी ॲक्रिलिकचा तक्ता आणि त्याच्यामागे एलईडी पट्टी लावली की आतले बुडबुडे, प्रवाहाच्या रेघा, सगळं उजळतं. काळ्या टेक्टाइटला मागून उजेड देण्यात अर्थ नाही, फक्त पातळ कडा तपकिरी दिसतात. त्याला बाजूने, तिरपा उजेड द्या म्हणजे खड्डे उठून दिसतील. एलईडीचा ड्रायव्हर कपाटाबाहेर. दिवे डब्याच्या आत कधीच नाहीत: डबा तापतो, गार होतो, आणि प्रत्येक वेळी हवा आत ओढतो. हॅलोजनचं तर नावच नको.

हादरे

मोठे नमुने खालच्या फळीवर. लोखंडी अशनीची घनता पाण्याच्या पावणेआठ पट. दहा सेंटिमीटरचा ठोकळा पावणेआठ किलो भरेल, आणि ५ मिमी काचेच्या शेल्फवर तो ठेवण्याची हिंमत करू नका.

हलकी टेक्टाइट मात्र जागची हलतात. मिक्सर, धाडकन लागणारं दार, खालून जाणारी लोकल, यांनी गुळगुळीत काचेवर ठेवलेला थेंबाच्या आकाराचा नमुना रोज केसभर सरकतो. ते आपल्या लक्षात येत नाही. आमच्याकडे ते अनंत चतुर्दशीला लक्षात आलं. विसर्जनाची मिरवणूक खिडकीखाली थांबली, ढोल-ताशांच्या मागून डीजेची भिंत आली, आणि शोकेसची काच दाताखाली खडा आल्यासारखी वाजायला लागली. दोन टेक्टाइट फळीच्या टोकाला येऊन पोचली होती. तेव्हापासून प्रत्येक फळीला पुढे १ सेंटिमीटर उंचीची ॲक्रिलिकची पट्टी आहे, फळीवर २ मिमी पॉलिएथिलीन फोम आहे, आणि गणपतीचे ते दोन-तीन दिवस थेंब आणि डमरू खाली गोधडीच्या खोक्यात जातात.

घाम फुटलाच तर

प्रथम तुकडा बाकीच्यांपासून दूर करा आणि आहे तसाच कोरड्या डब्यात आठवडाभर ठेवा. किरकोळ डाग असेल तर तो तिथेच थांबतो. पुढचे उपाय फक्त निव्वळ लोखंडी तुकड्यांसाठी आहेत. पॅलसाइट तापवू नका, कारण बऱ्याच पॅलसाइटमध्ये विक्रेत्याने खडे धरून ठेवायला राळ भरलेली असते. दगडी अशनीलाही यातलं काही करू नका.

डाग वाढत असेल तर मोजे घालून, मऊ पितळी ब्रशने गंज झाडा. आम्लाने उठवलेली विडमनश्टेटन नक्षी, म्हणजे लोखंड-निकेलच्या स्फटिकांच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा, असलेल्या चकतीवर ब्रश नक्षीच्या बाजूला लावायचा नाही, कडांनाच लावा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तुकडा झाकण असलेल्या काचेच्या बरणीत एक दिवस बुडवून ठेवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे अल्कोहोल मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं चालणार नाही, त्यातलं ३० टक्के पाणीच आहे. अल्कोहोल गढूळ झालं तर बदला. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून.

बाहेर काढल्यावर तुकडा उघड्या हवेत पूर्ण वाळू द्या. वास यायचा पूर्ण थांबला की मगच ओव्हनमध्ये. ओला तुकडा ओव्हनमध्ये घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. ८० अंशांवर दोन तास पुरतात. कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा, रेनेसाँ वॅक्स या नावाने मिळतो त्याचा, अगदी पातळ थर सुती कापडाने द्या आणि दहा मिनिटांनी चोळून काढा. मेण कोमट धातूच्या बारीक फटींत उतरतं. शिवणयंत्राचं तेल लावणारेही संग्राहक आहेत. मला ते आवडत नाही, धूळ धरतं आणि बोटांना चिकटतं.

यानंतर तुकडा थेट जेलच्या डब्यात. मेण लावलं म्हणून तो उघड्यावर ठेवता येईल असं समजू नका. माझी चकती या सगळ्यातून दोनदा गेली. पहिल्यांदा मी मेणावर विसंबून ती उघड्या स्टँडवर ठेवली आणि पुढच्या आषाढात पुन्हा थेंब आले. दुसऱ्यांदा उलट्या डब्यात ठेवली. आता हायग्रोमीटर १८ दाखवतो आणि चकती कोरडी आहे.

चिठ्ठी, कागद आणि कायदा

नमुन्यावर काहीही चिकटवू नका. क्रमांक स्टँडवर किंवा डब्याच्या तळाशी. कार्डावर नाव, प्रकार, वजन, सापडल्याचं किंवा पडल्याचं ठिकाण आणि वर्ष, कुणाकडून आणि कधी घेतलं. विक्रेत्याने दिलेली मूळ चिठ्ठी फाटकी असली तरी जपा. चिठ्ठीशिवायची अशनी म्हणजे जाणकाराच्या नजरेत नुसतं लोखंड.

कायद्याकडे डोळेझाक नको. भारतात पडलेल्या अशनींची राष्ट्रीय पातळीवरची जपणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. शेतात काही पडलेलं सापडलं तर जागा, वेळ नोंदवून तहसील कार्यालयाला आणि सर्वेक्षणाला कळवायचं. अर्जेंटिनाने अशनींना वारसा म्हणून संरक्षण दिलं आहे, ऑस्ट्रेलियातून टेक्टाइट बाहेर न्यायला परवाना लागतो. जुन्या संग्रहातून आलेल्या तुकड्यांचे कागद म्हणूनच महत्त्वाचे. आणि लोणार. बेसॉल्टमधलं ते विवर आपलं, तिथे आघाताची काचही सापडते, पण ते अभयारण्य आहे, संरक्षित भूवारसा आहे, नोव्हेंबर २०२०पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तिथून खिशात खडाही आणायचा नाही.

वर्षाचं गणित

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं जेल भाजून घ्या, डब्यांच्या सिलिकॉन पट्ट्या पुसून बसवा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला आकडे वहीत लिहा. ३०च्या वर गेला की जेल बदला. ऑक्टोबरमध्ये एकदा डबे उघडून फोटो काढा, मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघा. डबा एसीच्या खोलीतून बाहेर आणला तर तासभर उघडू नका, नाहीतर गार धातूवर दंव धरतं. आणि दिवाळीची झाडलोट करणाऱ्यांना शोकेस वगळायला आधीच सांगा. ओट्यावर डमरू फोडणारी मी स्वतःच होते, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देणार!

फुटलंच तर

टेक्टाइट फुटल्यावर लगेच झाडू घेऊ नका. गुडघ्यावर बसा, टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, म्हणजे बारीक कपच्याही चमकतात. नव्या फुटलेल्या कडा सुरीसारख्या असतात, चिमट्याने उचला. कपच्या छोट्या झिपच्या पिशवीत घाला, त्याच क्रमांकाने. चिकटवायचं असेल तर पुन्हा सोडवता येईल असा, ॲसिटोनमध्ये विरघळणारा पॅरालॉइड बी-७२ हा गोंद वापरतात. मी चिकटवलं नाही. डमरूचे दोन्ही अर्धे फोममध्ये दोन खळगे कापून शेजारी ठेवलेत, तुटलेली बाजू वर करून. बाहेरून काजळी, खड्ड्याखड्ड्यांची, आणि आतून शिंपल्यासारख्या लाटांची ओली वाटणारी काच. पाहुणे सगळ्यांत जास्त वेळ त्याच्यासमोर थांबतात.